दोन बोटांचा जोर

पांढुर्ण्याच्या माणसाला दगडाचे नवल नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार होते आणि तेवढ्या एका दिवसापुरते आमच्या गावाचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून येते. पण मी सांगणार आहे त्या हकीकतीतला दगड माणसाला लागला नाही, मोटारीला लागला. आणि त्या निमित्ताने पंचावन्नाव्या वर्षी मला नीतिशास्त्राचा जो धडा मिळाला, तो एम. ए.ला असताना दोन वर्षे पुस्तके वाचूनही मिळाला नव्हता.

गेल्या मार्गशीर्षातला शनिवार. आम्ही उभयता जामसावळीला मारुतीच्या दर्शनाला गेलो होतो. तिथला मारुती निजलेल्या स्थितीत आहे, हे या भागातल्या वाचकांना सांगायला नको. दर्शन आटोपून सौंसरकडे साडूंच्या संत्र्याच्या बागेत डोकावलो. बागेची वाट म्हणजे बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या आणि मध्ये उंचवटा. त्या उंचवट्यावरचा एक दगड गाडीच्या पोटाला लागला. 'खट्ट' असा आवाज झाला. मी उतरून, वाकून पाहिल्यासारखे केले आणि काही न कळल्यामुळे काही झाले नाही असे ठरवले. परतीच्या रस्त्यावर समोर तेलाचा लाल दिवा लागला. मी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले. गाडी म्हणजे जुनी मारुती आठशे. ती बनणेच २०१४ साली बंद झाले. सौभाग्यवती म्हणाल्या, "निजलेल्या मारुतीचं दर्शन घेतलं, आता आपलीही मारुती निजली." त्या दिवशी तेवढाच एक विनोद झाला. पुढचा प्रवास एका ट्रॅक्टरच्या मागे, दोराने बांधून.

पांढुर्ण्याला ज्या मिस्त्रीकडे गाडी नेली, ते साठीच्या घरातले गृहस्थ. शाळेचा उंबरठा त्यांनी फारसा ओलांडलेला नाही. मला ते 'बडे सर' म्हणतात, मी त्यांना 'भाऊ' म्हणतो. त्यांनी गाडीखाली सतरंजीचा तुकडा टाकला, आडवे झाले, बॅटरी मारली आणि म्हणाले, "दगडाचा काही दोष नाई, बडे सर. पोचा आला हाय, छेद नाई. गळती जुनी हाय. कोनं तरी लय जोर लावला हाय इथं."

हे 'इथं' म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. इंजिनाच्या अगदी तळाशी पत्र्याचे एक पसरट भांडे असते. पुस्तकात त्याला ऑइल पॅन म्हणतात, आपल्याकडच्या गॅरेजात चेंबर. माझ्या गाडीत त्यात तीनेक लिटर तेल राहते. एक पंप ते तेल जाळीतून वर ओढतो आणि फिरणाऱ्या भागांकडे धाडतो. क्रँकशाफ्ट आणि तिचे बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा एक अतिशय पातळ थर असतो. लोखंडाने लोखंडाला शिवू नये म्हणून तो थर. तो तुटला की थोड्याच वेळात इंजिन धरते आणि मग हजारोंचा खर्च. चेंबर आणि इंजिन यांच्या सांध्यात पॅकिंग असते आणि भोवताली बारीक बोल्टांची रांग. हे सगळे गाडीच्या पोटाखाली. मालकाच्या नजरेला ते कधी पडत नाही. नीट बसवले तर त्याचे अस्तित्वच कळत नाही, आणि वाईट बसवले तर ते कळते महिन्या-दोन महिन्यांनी, दुसऱ्याच गावी, बसवणारा जवळ नसताना.

दोनएक वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी माझ्या गाडीचे हे चेंबर उतरवून पुन्हा बसवले होते. ते काम करणाऱ्याने बेपर्वाई केली असावी, असे मी भाऊंना म्हणालो. त्यांनी चेंबर खाली उतरवले आणि माझा हा समज फोल ठरला. बेपर्वाईचा मागमूस नव्हता. उलट सगळेच जास्तीचे होते. गळू नये म्हणून पॅकिंगला दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचा जाड लेप दिलेला. बोल्ट आवळल्यावर तो लेप दोहोंकडे पिळून निघाला. बाहेरचा भाग बाहेर वाळला, आतला भाग तुटून तेलात पडला. गांडुळासारखे त्याचे तुकडे तेल ओढणाऱ्या जाळीला चिकटून बसले होते, त्यामुळे जाळी निम्मी बंद. बोल्ट इतके आवळलेले, की प्रत्येक भोकाशी पत्रा आत दबलेला आणि दोन भोकांच्या मधला भाग त्यामानाने वर राहिलेला. तेल तिथूनच पाझरत होते. तेल कमी, जाळी निम्मी बंद; दिवा लागायला आणखी काय हवे? एका बोल्टाच्या भोकातले आटेही गेले होते. "चूडी मेली," भाऊ म्हणाले.

भाऊंच्या हाताखाली सोळा-सतरा वर्षांचा एक पोऱ्या आहे. त्याला मी सवयीप्रमाणे म्हणालो, "चूडी हिंदीत. मराठीत त्याला आटे म्हणावं." तो ओशाळला आणि हातातला पाना खाली ठेवून उभा राहिला. भाऊ गाडीखालूनच म्हणाले, "आटे म्हना का चूडी म्हना सर, जास्त कसलं का दोनी मरते." मी गप्प बसलो. या वाक्याकडे पुढे परत यायचे आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार असल्यामुळे मी स्टुलावर बसून ते काम अथपासून इतिपर्यंत पाहिले. आधी दोन्ही बाजूंचे जुने पॅकिंग आणि लेप खरवडून काढला आणि जागा पुसून कोरडी केली. तेलकट जागेवर काहीही धरत नाही. चेंबरचा काठ सपाट लोखंडावर ठेवून, भोकांशी दबलेला पत्रा हलक्या हातोडीने सरळ केला. पोचाही काढला. जाळी धुतली. मेलेले आटे नव्याने पाडले. नवे पॅकिंग लावले. सिलिकॉन फक्त जिथे दोन भाग जुळून सांध्याला कोपरा येतो तिथे, हरभऱ्याएवढे. मग चेंबर वर धरून सगळे बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवून अडकवले. एकही आवळला नाही. सगळे आपापल्या जागी आल्यावर पाना घेतला: मधल्या बोल्टापासून सुरुवात, मग त्याच्या समोरचा, मग बाजूचा, असे आळीपाळीने बाहेरच्या टोकांकडे, आणि हेही एका दमात नाही, दोन-तीन फेऱ्यांत. एकच कोपरा आधी पुरा आवळला, तर दुसरा कोपरा उचलला जातो.

शेवटच्या फेरीला त्यांनी पाना पोऱ्याच्या हातात दिला आणि बजावले, "मूठ नाई. दोन बोटं."

असल्या बारीक बोल्टांना पुस्तकात साधारण दहा न्यूटन-मीटर एवढाच जोर सांगितलेला असतो, म्हणजे मीटरभर लांबीच्या दांड्याच्या टोकाला एक किलोचे वजन टांगल्यावर जेवढा पीळ पडेल तेवढा. चाकाच्या नटाला याच्या कितीतरी पट लागतो. बोल्ट पकडतो कसा, हेही मला त्या दिवशी नव्याने समजले. आवळल्यावर तो किंचित ताणला जातो आणि पुन्हा आखडू पाहतो. त्या आखडू पाहण्यातच त्याची पकड असते. मर्यादेबाहेर ताणला तर त्याचे आखडणे संपते. तो दिसतो घट्ट, पण त्यातला जीव गेलेला असतो.

मी भाऊंना विचारले, "तुम्ही दोन बोटांनी आवळता, आणि उद्या गळलं तर गिऱ्हाईक तुम्हालाच धरणार. मग थोडं जास्त आवळलेलं बरं नाही का?"

भाऊ हात पुसत म्हणाले, "बडे सर, जास्त कसनारा गाडीसाठी नाई कसत. सोतासाठी कसते. आपलं नाव नको याले म्हनून."

या एका वाक्यासाठी हा लेख लिहिला आहे.

अति तेथे माती, हे आपण लहानपणापासून ऐकतो. भगवान बुद्धांनी सोण नावाच्या भिक्षूला वीणेच्या तारेचा दाखला दिला होता: फार ताणलेली तार वाजत नाही आणि सैल तारही वाजत नाही. ग्रीक तत्त्वज्ञ अरिस्टॉटलने सद्गुण हा दोन टोकांच्या मध्ये असतो असे सांगितले, आणि ही मधली जागा गणिताने काढता येत नाही, हेही त्याने लगेच जोडले. दहा माप अन्न फार आणि दोन माप थोडे, म्हणून सर्वांना सहा माप द्यावे असे होत नाही; मिलो पहिलवानाला तेवढे पुरणार नाही आणि व्यायामाला नुकती सुरुवात करणाऱ्याला ते जास्त होईल. हे सगळे मी वर्गात शिकवले आहे. परंतु माणूस मर्यादा का ओलांडतो, हा प्रश्न मी कधी नीट विचारला नव्हता. मी धरून चाललो होतो, की अति हे उत्साहाने होते, रागाने होते, लोभाने होते. ते भीतीनेही होते आणि ती भीती काळजीचा वेष घेऊन येते, हे मला मिस्त्रीने दाखवले.

काळजी दोन प्रकारची असते. एकीत आपले लक्ष कामावर असते: या सांध्याला काय हवे आहे? दुसरीत लक्ष आपल्यावर असते: उद्या माझ्यावर काय येईल? बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. उलट दुसरी जास्त कसोशीची वाटते. तिच्यात लेप जाड असतो, बोल्ट घट्ट असतात, कागद पूर्ण असतात. अशा माणसाला कुणी निष्काळजी म्हणू शकत नाही. आणि तरी जाळी बंद पडते.

आता माझे सांगतो. दुसऱ्याच्या गॅरेजातली चूक दाखवून लेख संपवणे सोपे होते, पण ते प्रामाणिकपणाचे होणार नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी नुकताच मुख्याध्यापक झालो होतो. दहावीत एक मुलगा होता. घरची शेती नाही. आईवडील दुसऱ्यांच्या बागांत तोडणीला जात. आपल्याकडे आंबिया बहाराची संत्री नोव्हेंबर-डिसेंबरात उतरतात. त्या दोन महिन्यांत मुलगाही झाडावर असे, कारण त्याच्या रोजावर घराचा किराणा होता. हजेरी थोडी कमी भरली. फार नाही, काही दिवसांची कसर होती. कारण लिहून, माझी शिफारस जोडून प्रकरण वर पाठवायची सोय होती. मान्य होणे न होणे पुढच्यांच्या हाती. लिहिणे माझ्या हाती होते. आदल्या वर्षी हजेरीवरूनच एक तक्रार झालेली, आणि मी खुर्चीवर नवा. मी शिफारस लिहिली नाही. 'नियम तो नियम' असे म्हणालो आणि ते म्हणताना मला आपण फार कर्तव्यदक्ष आहोत असे वाटले. मुलगा दारात उभा होता. "येतो सर पुढच्या वर्षी," एवढेच बोलून तो गेला. पुढच्या वर्षी तो आला नाही.

कोणत्याही चौकशीत मी निर्दोष सुटलो असतो. माझे कागद आजही बिनचूक आहेत. मला सलते ते हेच. मी त्या मुलासाठी नियम आवळला नव्हता, शाळेसाठीही नव्हता. माझे नाव येऊ नये म्हणून आवळला होता. इतकी वर्षे मी त्याला शिस्त म्हणत आलो. रविवारी स्टुलावर बसल्या बसल्या त्याचे खरे नाव कळले.

इथे वाचक आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. नियम सैल सोडला की त्यातून गरिबाचा मुलगा आत येईल, पण त्याच्या मागोमाग सरपंचाचा भाचा आणि ठेकेदाराचा जावईही येईल. वशिल्याला अडवण्यासाठीच तर नियम असतात. प्रत्येक मुख्याध्यापक आपल्या दोन बोटांचा जोर लावू लागला, तर शाळेचे काय होईल? हे मला मान्य आहे. पुस्तकात जोराचा आकडा दिलेला असतो तो याचसाठी, की प्रत्येकाच्या हाताची ताकद वेगळी. भाऊंची बोटे चाळीस वर्षे मुरलेली आहेत. नवशिक्याने मोजणारा पानाच वापरावा. सैल बोल्टानेही तेल गळते, आणि सैल शाळा मी पाहिलेल्या आहेत. तिथेही शेवटी गरिबाच्याच मुलाचे नुकसान होते, कारण बाकीच्यांना शिकवणी लावता येते.

परंतु तो आकडा जसा 'याहून कमी नको' असे सांगतो, तसाच 'याहून जास्त नको' असेही सांगतो. आपण त्यातला अर्धाच वाचतो. हजेरीचा नियम सांगणाऱ्यांनीच शिफारशीची वाट ठेवली होती. म्हणजे तेवढी जागा नियमाच्या आतली होती, बाहेरची नव्हती. ती जागा मी लेप भरून बुजवली. दया दाखवली नाही हा माझा दोष नाही. नियम जेवढा होता तेवढाही मी पाळला नाही, हा दोष आहे. आणि वशिल्याचा भाचा आला तर? त्याच्यासाठीही तोच प्रश्न पुरतो: हे मी कुणासाठी करतो आहे? भाच्यासाठी सैल सोडणाराही स्वतःसाठीच सोडतो. जास्त आवळणारा आणि सैल सोडणारा हे दोघे वाटतात उलटे. पण दोघांचीही नजर सांध्यावर नसते.

आता त्या 'आटे' आणि 'चूडी'कडे येतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. राज्ये आणि जिल्हे बदलले, तरी आमच्या घरांतला प्रश्न तोच आहे: मुलांची मराठी टिकायची कशी? शाळा हिंदीची, कचेरी हिंदीची, आणि आता नोकरीसाठी इंग्रजी. या काळजीपोटी आम्ही शिकलेली माणसे मुलांच्या तोंडून 'चूडी' निघाली, 'मंग' निघाले, की लगेच पाना उचलतो. तो पोऱ्या घरी मराठी बोलतो, गिऱ्हाइकाशी हिंदी बोलतो, आणि गाडीखाली जो शब्द आधी सापडेल तो वापरतो. त्याला मी पहिल्याच भेटीत ओशाळवले. त्यानंतर तो माझ्याशी हिंदीतच बोलला. आटे हा सुंदर शब्द आहे आणि तो जगावा अशी माझी इच्छा आहे. पण मी तो त्याच्या ओठांवर बसावा म्हणून सांगितला, की गॅरेजात बसूनही मी मास्तर आहे हे दाखवायला? उत्तर मला माहीत आहे. भाषेलाही आधी सगळे बोल्ट बोटांनी अडकवू द्यावे लागतात. एक कोपरा पुरा आवळून बसलो, की दुसरा उचलला जातो.

मग काय करावे? माझ्याकडे मोठे तत्त्व नाही. एक लहानशी सवय मी लावून घेतली आहे. 'नाही' म्हणण्यापूर्वी, किंवा जास्तीचा एखादा कागद मागण्यापूर्वी, मी स्वतःला विचारतो, हे कुणासाठी? उत्तर 'माझ्यासाठी' असे आले, तर पाना खाली ठेवतो आणि पुन्हा पाहतो. पुष्कळदा पुन्हा पाहूनही 'नाही'च म्हणावे लागते. तेव्हा ते कारण सांगून म्हणतो, आणि विद्यार्थी दारात असतानाच फाइल मिटत नाही.

या वर्षी हजेरीची दोन प्रकरणे माझ्या सहीने वर गेली. एका मुलीने परीक्षा दिली. एक मुलगा शिफारस मिळूनही आला नाही. सगळ्याच गळती आपल्या हाताने थांबत नाहीत, हेही समजून घ्यायला हवे. बारा-तेरा वर्षांपूर्वीचा तो मुलगा आता तिशीच्या आसपास असेल. तो कुठे आहे हे मी दोन-तीन ठिकाणी विचारले. नागपूरकडे कामाला गेला, यापलीकडे कुणाला काही माहीत नाही.

गाडी मिळाली ती सोमवारी संध्याकाळी. भाऊंनी सिलिकॉन सुकायला रात्रभर वेळ दिला होता. मग नवे तेल भरून इंजिन सुरू केले, गरम होऊ दिले, आणि पुन्हा खाली जाऊन काठावरून बोट फिरवले. मला म्हणाले, "शंभरेक किलोमीटर चालवा आन् मंग परत दाखवा. पॅकिंग बसते थोडं. एक फेरी अजून पायजे."

घरी आल्यावर मी गाडीखाली जुने वर्तमानपत्र अंथरले. सकाळी उठून पाहिले, कागद कोरडा होता. तरीही आठ दिवसांनी मी गाडी घेऊन परत गेलो. भाऊ चहा घेत होते, म्हणून पाना पोऱ्याने घेतला. तो गाडीखाली शिरला, एकेक बोल्ट तपासू लागला, आणि मी पाहतो आहे हे लक्षात येताच थांबला. मी म्हटले, "चालू दे. चूडी सांभाळ म्हणजे झालं."

तो हसला आणि मराठीत म्हणाला, "हो सर. दोन बोटांनीच करतो."